कॉलेजात प्रवेश मिळतो, आपलेपणा कुठून येतो?

तुम्ही दोन दिवस कॉलेजात दिसला नाहीत, तर ते कोणाच्या लक्षात येईल? वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या, कँटीनवाल्या काकांच्या, हजेरी घेणाऱ्या मॅडमच्या, की कोणाच्याच नाही?

समुपदेशन मानसशास्त्रातल्या एका मोठ्या अभ्यासाचं मूळ या प्रश्नात आहे. नॅन्सी श्लॉसबर्ग या अमेरिकेत समुपदेशन शिकवणाऱ्या प्राध्यापिका. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की नव्या जागी गेलेला माणूस सतत एक हिशेब करत असतो: मी इथे कोणाच्या खिजगणतीत आहे का? त्यात त्यांनी पाच गोष्टी पाहिल्या. कोणाचं तरी आपल्याकडे लक्ष असणं, आपल्या असण्याला महत्त्व असणं, आपल्या यशाचा आनंद आणि अपयशाचं वाईट कोणाला तरी वाटणं, कोणीतरी आपल्यावर विसंबून असणं, आणि केलेल्या कष्टांची दखल घेतली जाणं. यातल्या पहिल्या चार समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांच्या, पाचवी श्लॉसबर्ग यांनी जोडलेली. बहुतेकांच्या बाबतीत हा हिशेब पहिल्या सेमिस्टरमध्ये कधीतरी आपोआप मिटतो. काहींच्या बाबतीत तो पदवी हातात पडेपर्यंत चालूच राहतो, आणि त्या काहींमध्ये कोण असतात हे पाहिलं की विषय मानसशास्त्राच्या बाहेर जायला लागतो.

हे सगळं बडोद्यात बसून लिहिण्याला कारण आहे. इथलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, त्याचं मूळ असलेलं बडोदा कॉलेज १८८१ चं. गुजरातेत असूनही इथे इंग्रजीतून शिकवलं जातं. स्टेशनच्या पुलापासून प्रतापगंज-फतेगंजपर्यंत पसरलेल्या या आवारात रावपुरा, दांडिया बाजार, नवापुरा इथली मराठी मुलं येतात, शहरातली गुजराती मुलं येतात, आणि छोटा उदेपूर, दाहोद, नर्मदा, पंचमहाल या भागांतली आदिवासी मुलंही येतात.

समजा, दोघी एकाच वर्गात आहेत. एक दांडिया बाजारातली, मराठी घरातली, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेली. तिची मावशी इथेच शिकली, वडिलांचे मित्र कुठल्यातरी फॅकल्टीच्या ऑफिसात आहेत. दुसरी छोटा उदेपूरकडच्या गावातली, राठवा या आदिवासी समाजातली मुलगी. गुजराती माध्यमातून बारावी, घरात राठवी बोली, आणि कॉलेजचं तोंड पाहणारी घरातली पहिलीच. सर घाईघाईत दोघींनाही म्हणतात, "आत्ता नको, नंतर भेट." वर्गातला घोळका सेव-उसळ खायला जातो आणि दोघींनाही बोलवायचं राहतं. पहिल्या ट्यूटोरियलचा कागद लाल शाईने भरून दोघींच्याही हातात येतो.

पहिलीच्या मनात येतं, सर गडबडीत होते, पोरं विसरली, आणि या मॅडम सगळ्यांचेच कागद रंगवतात असं मावशी म्हणालीच होती. दुसरीला तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवताना दिसतात: तू इथली नाहीस.

घटना तीच, अर्थ दोन. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला. ते म्हणतात, आपण एकटे आहोत अशी पक्की खात्री या विद्यार्थ्यांना नसते. त्यांना शंका असते, आणि शंका खात्रीपेक्षा जास्त दमवते, कारण ती रोज नवा पुरावा मागते. त्यांचा एक प्रयोग मोठा मासलेवाईक आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, कॉम्प्युटर सायन्समध्ये चांगले रुळतील अशा आपल्या मित्रांची नावं लिहा. काहींना दोनच नावं मागितली, काहींना आठ. आठ नावं कोणालाही चटकन सुचत नाहीत. गोऱ्या विद्यार्थ्यांना ती सुचली नाहीत, तर त्यांना काही वाटलं नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र न सुचणं म्हणजेच उत्तर वाटलं: आपल्यासारख्यांसाठी हे क्षेत्र नाहीच. त्याच विषयाबद्दलची त्यांची आशा तेवढ्यानेच उतरली.

इथे घाईने एक निष्कर्ष काढला जातो, तो आधीच खोडून काढायला हवा. "ही मुलं फार मनाला लावून घेतात" असं स्टाफरूममध्ये सहज म्हटलं जातं. पण दुसऱ्या मुलीची शंका ही तिच्या स्वभावाची खोट नाही. शाळेत, एसटीत, खोली शोधताना जे अनुभव आले, त्यावरून तिने बांधलेला तो अंदाज आहे, आणि कितीतरी वेळा तो बरोबरही ठरतो. गुजरातेत "तमे केवा?" हा प्रश्न किती सहज विचारला जातो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे, तुमची जात कोणती. परमार, सोलंकी, मकवाणा अशी आडनावं अनेक जातींत चालतात, म्हणून आडनाव ऐकून भागत नाही. पुढचा प्रश्न येतोच. खोली भाड्याने घेताना तो "व्हेज की नॉनव्हेज" या वेषात येतो. मुसलमान मुलाला तर कोणत्या भागात चौकशी करायची नाही हे आधीच माहीत असतं. अशांत धारा म्हणून ओळखला जाणारा १९९१ चा कायदा शहरातल्या कित्येक भागांना लागू आहे. तिथे मालमत्ता विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते. वस्त्याच अशा वाटल्या गेलेल्या शहरात वर्गातल्या बाकांची वाटणी तशी झाली, तर नवल कसलं?

शंकेची किंमत कशी मोजावी लागते, हे पाहण्यासारखं आहे. सारखं सावध राहण्यात डोकं गुंतून पडतं. "नंतर भेट" म्हणालेल्या सरांकडे मग ती जातच नाही. न विचारलेली शंका परीक्षेत नडते. मार्क कमी पडले की मूळची भीती खरी ठरल्यासारखी वाटते. ती मधल्या सुट्टीत होस्टेलवर निघून जायला लागते, ओळखी होत नाहीत, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत ज्या एकटेपणाची नुसती धास्ती होती, तो खरोखरच येऊन बसलेला असतो.

संशोधक ज्याला स्वास्थ्य म्हणतात, ते म्हणजे केवळ आजार नसणं किंवा रोज हसतमुख असणं नव्हे. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये त्याची सहा अंगं सांगितली: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणं, आपल्या परिसरातले व्यवहार पेलता येणं, जगण्याला काही हेतू असणं, आणि आपण वाढतो आहोत ही जाणीव. या यादीवर वाद आहेत, आणि "स्वतःचे निर्णय स्वतः" हे आपल्याकडच्या घरांत कितपत लागू पडतं हा प्रश्न रास्तच आहे. तरी एक गोष्ट लक्षात येते. यातली निम्मी अंगं माणसाच्या एकट्याच्या हातातली नाहीत. छात्रवृत्तीचा अर्ज डिजिटल गुजरात पोर्टलवर अडकला, फॉर्मची भाषा कळली नाही, खिडकीपलीकडचा माणूस वर बघेना, तर "परिसरातले व्यवहार पेलणं" हे अंग कितीही ध्यान-धारणा केली तरी सुधारत नाही.

आता सगळ्यांत गाजलेला प्रयोग. वॉल्टन आणि कोहेन यांनीच तो केला आणि २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापला. एका नामांकित अमेरिकन विद्यापीठातले पहिल्या वर्षाचे ९२ विद्यार्थी. त्यांतले ४९ कृष्णवर्णीय, ४३ गोरे. त्यांच्यातल्या काहींना सीनियर विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष वाचायला दिले. मतितार्थ असा: पहिल्या वर्षी आपण इथे बसत नाही असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, आणि काळ गेला की ते वाटणं ओसरतं. वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनी आपला अनुभव याच्याशी कसा जुळतो ते लिहायचं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी कॅमेऱ्यापुढे बोलायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. यात एक हुशारी आहे: मुलांना मदत घेणारे न ठरवता मदत देणारे ठरवलं. तुला आधाराची गरज आहे असं सांगितलं असतं तर तोही एक शिक्काच झाला असता.

पुढची तीन वर्षं त्यांचे मार्क पाहिले. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हा तास केला होता, त्यांचे मार्क हळूहळू चढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली दरी निम्म्यावर आली. त्यांनी स्वतःची तब्येतही जास्त चांगली असल्याचं सांगितलं, डॉक्टरकडे जाणंही कमी झालं. गोऱ्या विद्यार्थ्यांत फारसा फरक पडला नाही. त्यांना ती शंका नव्हतीच. गंमत म्हणजे शेवटी विचारलं तेव्हा बहुतेकांना त्या तासात काय सांगितलं होतं तेही धड आठवत नव्हतं.

मग इतका परिणाम कशामुळे? या लोकांचा पुढेही माग काढला गेला. ७ ते ११ वर्षांनंतर केलेला शॅनन ब्रेडी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तो तास केलेले कृष्णवर्णीय पदवीधर आपल्या कामाबद्दल आणि आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते, आणि त्यामागचा दुवा होता कॉलेजात मिळालेला मार्गदर्शक. त्या तासाने एवढंच केलं होतं की "नंतर भेट" म्हणणाऱ्या प्राध्यापकाकडे मूल खरोखरच नंतर गेलं. पुढचं काम त्या प्राध्यापकाने केलं.

हे वाचून कोणाही कुलगुरूंना वाटेल, वा, हे तर स्वस्तात पडलं! ओरिएंटेशनच्या दिवशी एक व्हिडिओ दाखवला की झालं. म्हणून २०२३ चा अभ्यास सांगणं भाग आहे. तोही वॉल्टन आणि बऱ्याच सहकाऱ्यांचा. २२ संस्था, २६,९११ विद्यार्थी, आणि तोच उपक्रम ऑनलाइन. निकाल संमिश्र आला. एरवी जे गट पहिलं वर्ष पुरं करण्यात मागे पडतात, त्यांना फायदा झाला, पण सगळीकडे नाही. ज्या संस्थेत त्या गटातल्या मुलांना वर्षअखेर आपलेपणा वाटण्याची शक्यता मुळातच होती, तिथेच झाला. जिथे ती शक्यता नव्हती, तिथे "काळ गेला की ओसरतं" हे वाक्य पोकळ निघालं. संशोधक यासाठी बीज आणि जमीन अशी उपमा वापरतात: बी कितीही चांगलं असो, जमीन नापीक असेल तर उगवत नाही. शेतकऱ्याच्या पोराला यात नवीन काही वाटणार नाही.

माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा गाभा हाच आहे. आपलेपणाचं मोजमाप आपण विद्यार्थ्याला प्रश्नावली देऊन करतो, म्हणून तो विद्यार्थ्याच्या आत आहे असा समज होतो. कॅरल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये बनवलेली १८ विधानांची मोजपट्टी जगभर वापरतात. ती शाळांसाठी होती, पुढे कॉलेजांतही आली. इथले लोक मला मान देतात, काही अडचण आली तर बोलता येईल असं निदान एक तरी मोठं माणूस इथे आहे, अशा धाटणीची विधानं, आणि त्यापुढे एक ते पाच असे पर्याय. पर्याय निवडते ती मुलगी. पण विधान कोणाबद्दल आहे? तिच्याबद्दल कमी, संस्थेबद्दल जास्त.

हे समजायला बडोदेकरांना अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने एका तरुण पदवीधराला दरमहा साडेअकरा पौंडांची छात्रवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. भीमराव रामजी आंबेडकर १९१५ मध्ये तिथे एम. ए. झाले आणि पुढे लंडनला गेले. करारानुसार संस्थानात नोकरी करायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले. परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. स्टेशनवर उतरल्यावर ती परत आली, कारण राहायचं कुठे हा प्रश्न होता. एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून त्यांनी खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरी ठेवून घेण्याबाबत अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

हा प्रसंग आपण नेहमी अन्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण या लेखाच्या विषयासाठी त्याकडे जरा वेगळं पाहावं लागतं. माणूस तोच, बुद्धी तीच, जिद्द तीच. न्यूयॉर्कमध्ये "मी इथला आहे का" हा प्रश्न पुसून जातो आणि बडोद्यात पहिल्याच दिवशी उगवतो. बदलली ती जागा. आणि पैसे तर बडोद्याचेच होते! महाराजांनी दार उघडलं, छात्रवृत्ती दिली, हुद्दा दिला. पण कचेरीतल्या शिपायांनी फायली लांबून टाकायच्या थांबवल्या नाहीत, आणि शहराने एक खोली दिली नाही. प्रवेश देणं वरच्या एका हुकमाने होतं. सामावून घेणं खालच्या शंभर माणसांच्या हातात असतं.

खोटं नाव सांगून राहणं हेही संशोधनाने स्वतंत्रपणे पाहिलं आहे. इलन मेयर यांनी २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी लोकांबद्दल मांडलं की एरवीच्या ताणाखेरीज त्यांच्यावर एक जादा ताण असतो, आणि त्याचा एक भाग लपवण्यातून येतो. उघड अपमान झाला नाही तरी "कळलं तर?" हा प्रश्न चोवीस तास चालू असतो. होस्टेलच्या खोलीत फोनवरचं बोलणं, आडनावाचा उल्लेख, जत्रेचा फोटो, हे सगळं तपासून मग पुढे जाऊ द्यायचं. समलिंगी विद्यार्थी आणि जात लपवणारा विद्यार्थी यांची परिस्थिती एक नाही; लपवण्याने येणारा थकवा मात्र ओळखीचा आहे.

जातीवरचा एक भारतीय प्रयोगही इथे सांगायला हवा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची वाटकोडी सोडवायला दिली. प्रत्येक कोड्याला पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मग सहा-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती, मुलंही त्याच वयाची. याला साच्याची धास्ती म्हणता येईल, म्हणजे आपल्या गटाबद्दलचा वाईट समज आपल्यामुळे खरा ठरेल ही भीती. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत तशी कल्पना मांडली होती. पुढच्या मोठ्या चाचण्यांत त्या परिणामाचा आकार बराच लहान निघाला, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. हॉफ आणि पांडे यांच्या प्रयोगात मला जास्त बोलकी वाटते ती पुढची पायरी. बक्षीस कोणाला हे चिठ्ठी काढून ठरणार म्हटल्यावर जात जाहीर करूनही दरी नाहीशी झाली. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की मुलांचा स्वतःवरचा विश्वास उडाला नव्हता. निवाडा करणाऱ्या माणसावरचा उडाला होता. आता हे इंटर्नल मार्कांना, व्हायव्हाला, पीएच.डी.च्या मुलाखतीला लावून पाहा. जिथे जिथे मार्क माणसाच्या मर्जीवर, तिथे तिथे निकष आधी लिहून जाहीर करणं हा सुद्धा मानसिक आरोग्याचाच उपाय आहे. त्याला समुपदेशक लागत नाही, एक ठराव लागतो.

फरकांबद्दल बोलावं की न बोलावं, यावरही काम झालं आहे. आपल्याकडे सद्भावनेने म्हणतात, "आमच्या वर्गात आम्ही जातपात पाहत नाही." निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सीनियरांच्या तासाभराच्या गप्पा ठेवल्या. दोन्ही गटांना सल्ला साधारण सारखाच मिळाला: प्राध्यापकांना भेटा, मदत मागा. एका गटात सीनियरांनी आपली घरची परिस्थितीही सांगितली: आईवडील शिकलेले नव्हते म्हणून विषय निवडताना विचारायला कोणी नव्हतं, मग मी असं असं केलं. दुसऱ्या गटात ही पार्श्वभूमी गाळली. पहिल्या गटातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात मदत जास्त घेतली आणि मार्कांतली दरी ६३ टक्क्यांनी कमी झाली. नुसता सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्यासारख्याने तो पाळला आणि निभावलं, हे ऐकायला मिळणं दुर्मिळ.

आणखी एक तक्रार कानावर येते: "ती मुलं आपल्याआपल्यातच राहतात." व्हिन्सेंट टिंटो यांचा १९७५ चा सिद्धांत वर्षानुवर्षं असा वाचला गेला की कॉलेज सोडून जाणं टाळायचं तर विद्यार्थ्याने कॉलेजच्या जगात मिसळून जायला हवं, पर्यायाने जुनं जग मागे सोडायला हवं. सिल्व्हिया हुर्तादो आणि डेबोरा कार्टर यांनी १९९७ मध्ये लॅटिनो विद्यार्थ्यांचा अभ्यास करून याला चांगलाच छेद दिला. आपल्या समाजाच्या, देवळा-चर्चच्या मंडळांत असलेल्या मुलांना कॉलेजही जास्त आपलं वाटत होतं. आपल्या माणसांत पाय टेकायला जागा असली की बाहेर हात पसरता येतो. खरं तर हे आपल्याला कळायला हवं. बडोद्यातल्या मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेर राहून गणेशोत्सव जपला, वाङ्मय परिषद चालवली, २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरवलं. आपण आपल्याआपल्यात राहतो, अशी तक्रार आपण स्वतःबद्दल कधी केली? आणि आपण भाषेने अल्पसंख्य असलो तरी या शहरात आपलं येणं राज्यकर्त्यांच्या मागोमाग झालं, हेही विसरून चालत नाही. कोणत्या खिडकीवर कोणता फॉर्म मिळतो, हे आपल्या मुलांना घरातच कळतं. राठवा मुलीला ते विचारत फिरावं लागतं.

तारा योसो यांनी २००५ मध्ये आणखी एक बाजू दाखवली. वंचित मुलं रिकाम्या हाताने येत नाहीत. दोन-तीन भाषांत वावरणं, कठीण परिस्थितीतून वाट काढणं, नात्यागोत्याचं बळ, अन्यायाला उलट बोलण्याची सवय, ही भांडवलंच आहेत. फक्त मार्कशीटवर त्यांचा रकाना नसतो. घरी राठवी, शाळेत गुजराती, कॉलेजात इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या मुलीला आपण "इंग्रजी कच्चं" म्हणून मोकळे होतो.

मग समुपदेशकाने करायचं काय? खोलीत बसलेली मुलगी सांगते, "सगळे म्हणतात तुझं इंग्रजी चांगलं आहे की, वाटत नाही तू तिकडची." किंवा कोणी अनामतवरून, म्हणजे आरक्षणावरून, टोमणा मारला. डेरल्ड विंग सू यांनी २००७ मध्ये अशा बारीक टोचण्यांचं वर्गीकरण केलं. त्यावर टीकाही झाली. कशाला टोचणी म्हणायचं याची व्याख्या सैल आहे, असं स्कॉट लिलियनफेल्ड यांनी २०१७ मध्ये दाखवलं. मला टीकेत तथ्य वाटतं. पण समुपदेशकाला तिथे खटला चालवायचा नसतो. "त्याला तसं म्हणायचं नसेल, तू सकारात्मक विचार कर" हे उत्तर मात्र घातक आहे. आधी बाहेरून एक टोचणी, आणि आता आतून दुसरी, की तुला चुकीचंच वाटलं. त्याऐवजी नीट ऐकून घेणं, घडलं त्यातलं भेदभाव किती आणि धास्ती किती हे तिच्यासोबत सावकाश सोडवणं, आणि जिथे भेदभाव आहे तिथे तक्रारीची वाट दाखवणं, हे काम आहे. अन्यायाला आजाराचं नाव दिलं की औषध चुकीच्या माणसाला दिलं जातं.

तक्रारीची वाट कागदावर आहे. यूजीसीचे समतेबाबतचे नियम २०१२ मध्येच आले. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाल्यावर दोघांच्या आयांनी ते नियम नीट राबवावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. जुलै २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. हजारो मुलांमागे एक माणूस म्हणजे कितीशी सोय, हे ज्याचं त्याने ठरवावं. तरी तुमच्या मुलाच्या कॉलेजात तो एक तरी आहे का, हे विचारण्याचा हक्क पालकांना आता आहे. तो गुजराती, हिंदी किंवा मुलाला कळेल त्या भाषेत बोलतो का, आणि बोललेलं प्राचार्यांपर्यंत जातं का, हेही विचारा. समुपदेशकाकडे गेलं की बातमी ऑफिसात पोचते असा समज एकदा पसरला, की त्या खोलीकडे कोणी फिरकत नाही.

प्राध्यापकांसाठी एक छोटी गोष्ट, या संशोधनावरून सुचलेली. "नंतर भेट" म्हणू नका. "गुरुवारी साडेतीनला, स्टाफरूममध्ये" असं म्हणा. ज्याला शंका नाही त्याला दोन्ही सारखंच. ज्याला आहे त्याला पहिल्यात नकार ऐकू येतो.

आणि घरच्यांनी पाहायच्या काही खुणा: मूल सुट्टी नसताना वरचेवर गावी यायला लागतं, मित्रांची नावं बोलण्यातून गळतात, झोप-जेवण बिघडतं, फी किंवा छात्रवृत्तीबद्दल विचारलं की विषय टाळतं, "सोडून देऊ का" असं थट्टेत म्हणतं. थट्टेतलं ते वाक्य थट्टेवारी नेऊ नका. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलण्यात आले, तर वाट न पाहता १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, आणि वेगवेगळ्या भारतीय भाषांत बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. आई, बाप, रूममेट, कोणीही करू शकतं.